आई-बाबांसह चंब्याचा प्रवास: ऑक्टोबरच्या आखणीसाठी सल्ला हवा आहे

कोरांटी

नमस्कार. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन हिमाचल प्रदेशातील चंबा या गावी जाण्याचे मनात आहे. बाबा 68 वर्षांचे आहेत, कोल्हापूरच्या एका ओतशाळेत आयुष्य गेल्यामुळे गुडघे कुरकुर करतात, पण सपाटीवर ते माझ्यापेक्षा जास्त चालतात. आई 40 वर्षे कसुती (कर्नाटकी भरतकाम) भरत आली आहे. तिने कोणत्या तरी मासिकात भरतकाम केलेल्या चंबा रुमालाचे छायाचित्र पाहिले आणि त्याची उलटी बाजूही सुलटीसारखीच असते हे वाचले, तेव्हापासून तिने हा विषय सोडलेला नाही.

दोन-तीन सहल आयोजकांकडे चौकशी केली. सर्वांच्या कार्यक्रमात डलहौसीला तीन मुक्काम आणि चंब्याला अर्धा दिवस आहे. एकाने तर 'चंबा दर्शन (बसमधून)' असे लिहून दिले आहे. आम्हाला उलटे हवे आहे, परंतु ते शहाणपणाचे आहे का हे कळत नाही. पुण्याहून निघून पुण्याला परत, हाताशी 10 दिवस आहेत. मुक्काम कोठे करावा, रस्ते कसे आहेत आणि आई-बाबांना कोणत्या गोष्टी झेपतील, यावर जाणकारांनी कृपया लिहावे.

नागमोडी

मी दोनदा त्या भागात गेलो आहे आणि माझे मत आयोजकांच्या बाजूचे आहे. चंबा हे रावी नदीच्या काठावरचे, जेमतेम 996 मीटर उंचीवरचे गाव आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खाली. थंड हवेची अपेक्षा ठेवून मे महिन्यात गेलेला माणूस तेथे घामाघूम होतो. डलहौसी साधारण 2000 मीटरवर आहे, हवा उत्तम, हॉटेले पुष्कळ. खज्जियारचे देवदारांनी वेढलेले कुरण तेथून जवळ आहे. 1992 मध्ये एका स्विस राजनैतिक अधिकाऱ्याने तेथे बर्नचे अंतर दाखवणारी पाटी लावली आणि तेव्हापासून 'छोटे स्वित्झर्लंड' हे बिरुद त्या बिचाऱ्या कुरणाला चिकटले आहे. डलहौसीत राहून एक दिवस खज्जियारमार्गे चंब्याला उतरावे आणि संध्याकाळी परत यावे, हे ज्येष्ठांना सोयीचे पडते.

जुनाप्रवासी

नागमोडी यांच्या मताचा आदर ठेवून सांगतो की याच पद्धतीने गेल्यामुळे माझी पहिली चंबा भेट पूर्णपणे वाया गेली होती. आम्ही 22 जण एका सहल कंपनीबरोबर डलहौसीहून निघालो, खज्जियारला घोडे आणि छायाचित्रे यांत सकाळ संपली, आणि चंब्यात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. लक्ष्मीनारायणाचा गाभारा दुपारच्या विश्रांतीसाठी बंद झाला होता. वार सोमवार, त्यामुळे भूरी सिंह संग्रहालयाला सुट्टी. मार्गदर्शकाने 40 मिनिटे दिली, त्यांतली 20 आम्ही चौगान या मैदानावर शेंगदाणे खात घालवली. एक हजार वर्षे राजधानी राहिलेल्या गावाची ही आमची ओळख!

दुसऱ्या वेळी मी आणि पत्नी दोघेच गेलो आणि गावातच चार रात्री राहिलो. राजा साहिल वर्मा याने दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात भरमौरहून राजधानी येथे आणली आणि, आख्यायिकेनुसार, आपली मुलगी चंपावती हिच्या नावावरून गावाला नाव दिले. तिचे मंदिरही गावात आहे. एकच राजघराणे 1948 पर्यंत येथे टिकून राहिले, आणि मैदानी सत्तांच्या धामधुमीपासून हे खोरे बऱ्यापैकी दूर राहिल्यामुळे देवळे, ताम्रपट, चित्रे आणि कारागिरांची घराणी जागच्या जागी राहिली. उत्तर भारतात असे फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे. ते पाहायचे असेल तर सकाळी सात वाजता आणि संध्याकाळी सहा वाजता तेथे असावे लागते, आणि डलहौसीत राहणाऱ्याला नेमक्या याच दोन वेळा मिळत नाहीत.

हवेचे म्हणाल, तर नागमोडी यांचा मुद्दा मे-जूनसाठी शंभर टक्के खरा आहे. ऑक्टोबरमध्ये मात्र चंब्यात दिवसा पातळ स्वेटरही नको वाटतो आणि रात्री एक रजई पुरते. त्या दिवसांत डलहौसीत रात्री चांगलेच गारठायला होते, आणि गुडघे दुखणाऱ्यांना ते मानवत नाही.

नागमोडी

सोमवारचा आणि दुपारचा मुद्दा मान्य. मी दोन्ही वेळा जूनमध्येच गेलो होतो, त्यामुळे मनात उकाडाच राहिला असावा.

कोरांटी

जुनाप्रवासी काका, मनापासून आभार. गावात चढ-उतार किती आहेत? लक्ष्मीनारायणापर्यंत पायऱ्या आहेत का?

जुनाप्रवासी

गाव टप्प्याटप्प्यांनी डोंगरावर चढलेले आहे. सर्वांत खाली, नदीच्या वरच्या कड्यावर चौगान हे लांबलचक हिरवे मैदान. बाजार, संग्रहालय आणि हरिराय मंदिर त्याच्या आसपास आहेत आणि तेथे बाबांना काहीच त्रास होणार नाही. हरिराय मंदिराशेजारची नारिंगी कमान 1900 मध्ये लॉर्ड कर्झनच्या स्वागतासाठी उभारली होती, आता तिला गांधी गेट म्हणतात. लक्ष्मीनारायण मंदिरसमूह बाजारातून वर जाणाऱ्या गल्लीच्या टोकाला आहे. चढ आहे, परंतु दुकानांच्या कट्ट्यांवर टेकत टेकत जाता येते.

आत सहा मोठी मंदिरे एका ओळीत उभी आहेत, तीन विष्णूची आणि तीन शिवाची. शिखरे दगडी, आपल्या ओळखीच्या नागर घडणीची, पण त्यांच्या माथ्यावर पाटीच्या दगडाने शाकारलेली लाकडी गोल छत्री बसवलेली आहे. देवळाने पावसात छत्री उघडावी तसे ते दिसते. बर्फापासून शिखराचे रक्षण हा त्यामागचा हेतू. छत्रीच्या वरचे सोनेरी कळस राजा छत्र सिंह याने 1678 मध्ये चढवले. औरंगजेबाने ही मंदिरे पाडण्याचा हुकूम पाठवला होता आणि राजाने त्याला कळस चढवून उत्तर दिले, असे सांगतात. 1678 हे साल वाचून मराठी माणसाच्या मनात लगेच रायगड येतो. मीही तेथे उभा राहून तोच हिशेब करत होतो.

चामुंडा देवीचे लाकडी छताचे मंदिर गावाच्या वर आहे. पायऱ्यांची वाट दमवणारी आहे, परंतु गाडीही जवळपर्यंत जाते. तेथून चौगान, रावी आणि पाटीच्या छपरांचे सगळे गाव एका नजरेत येते. सूही मातेच्या पायऱ्या मात्र बाबांनी टाळाव्यात. गावाला पाणी मिळावे म्हणून स्वतःला जिवंत गाडून घेणाऱ्या राणीचे ते स्मारक आहे. तिची जत्रा चैत्राच्या सुमारास भरते आणि ती मुख्यतः बायकांची आणि मुलांची असते.

अक्षरवेडा

हरिराय मंदिराचा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालतो. अकराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या मंदिरातील चतुर्मूर्ती विष्णूची धातुमूर्ती 1971 मध्ये चोरीला गेली होती, आणि ती परदेशी रवाना होण्याच्या बेतात असताना आपल्या मुंबई बंदरात, जहाजावर सापडली. गाभाऱ्यात फारसा उजेड नसतो, त्यामुळे डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटे थांबावे.

संग्रहालयासाठी किमान अर्धा दिवस ठेवा. 1908 मध्ये राजा भूरी सिंह यांच्या काळात ते सुरू झाले. पुरातत्त्व खात्यातील डच पंडित फोगेल यांनी या संस्थानातील शिलालेख आणि ताम्रपट अभ्यासले, त्याच्याशी या संग्रहाचा जवळचा संबंध आहे. पहाडी चित्रांकडे सर्वांचे लक्ष जाते आणि ते योग्यच आहे, परंतु माझे पाय पाणवठ्याच्या शिलांपाशी अडकले. झऱ्याच्या तोंडाशी बसवलेल्या या उभ्या फरशा आहेत, त्यांवर वरुण, नद्या, घोडेस्वार कोरलेले असतात आणि पाणी शिलेतल्याच भोकातून येते. कुटुंबातील मृताच्या पुण्यासाठी त्या बसवत. आपल्याकडे वीरगळ बघितलेल्या माणसाला कोरीव पट्ट्यांची ती मांडणी एकदम ओळखीची वाटते, पण येथे मेलेल्याच्या नावाने गावाला पाणी पाजले जात होते, हा फरक मला फार सुंदर वाटला.

लेखांची लिपी जुन्या काळी शारदा आणि नंतर टाकरी. टाकरीचे नशीब आपल्या मोडीसारखेच आहे. हिशेब, सनदा, पत्रे, सगळा रोजचा कारभार तिच्यात चाले आणि विसाव्या शतकात देवनागरीने तिची जागा घेतली. मला मोडी बरी वाचता येते, म्हणून काही तरी लागेल या आशेने मी एका कागदासमोर बराच वेळ उभा होतो. एक अक्षर लागले नाही.

टाकाधागा

कोरांटी, तुझ्या आईसाठी लिहिते. 'रुमाल' या शब्दाने फसायला होते. हा खिशातला रुमाल नसून रुखवताच्या किंवा पूजेच्या ताटावर घालायचे आच्छादन आहे, आणि तेथेही लग्नातील देण्याघेण्याच्या वस्तू आणि देवाचा नैवेद्य त्याने झाकत. पांढऱ्या मलमलीवर किंवा हातसुतावर कोळशाने रेखाटन होई, आणि ते करणारे बहुधा दरबारी चित्रकारच असत. म्हणून रासमंडळ, गोधुळीला परतणारी गुरे, चौपट खेळणारी जोडपी हे विषय लघुचित्रांतून थेट कापडावर उतरलेले दिसतात. भरणाऱ्या मात्र बायका.

धागा न पिळलेल्या रेशमाचा असतो, त्यामुळे तो कापडावर रंगासारखा पसरतो. टाका दोरुखा, म्हणजे सुई प्रत्येक वेळी दोन्ही बाजू सारख्याच भरत जाते. कसुतीतही उलट-सुलट बाजू सारखी येते, पण तेथे धागे मोजून रेघांची नक्षी काढायची असते आणि रेघेवरून परत येताना सुटलेल्या जागा भरता येतात. चंब्याच्या टाक्यात भरीव आकृती, गाईचे अंग किंवा कृष्णाचा पितांबर भरायचा असतो. मी एका कार्यशाळेत शेजारी बसून पाहिले. धाग्याला गाठ मारत नाहीत, सुरुवातीचे टोक पुढच्या टाक्यांखाली दाबून टाकतात, आणि संपतानाही तसेच. बाई दर चार-पाच टाक्यांनंतर कापड उलटे करून पाहत होत्या, पाहताना बोलणे थांबवत होत्या.

विकत घेताना रुमाल उलटा करावा आणि गाठी शोधाव्यात. पिळलेला चकचकीत धागा, यंत्राचे एकसारखे टाके किंवा मागे लोंबणारी टोके दिसली तर तो घेऊ नये. मोठ्या कामाला कित्येक महिने लागतात, म्हणून कृपया घासाघीस करू नका. जमत नसेल तर छोटा तुकडा घ्यावा. ही कला शिकवणाऱ्या ललिता वकील यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. शिकवणी वर्ग आणि कार्यशाळा गावात आहेत, रंगमहालातील हस्तकला केंद्रात चौकशी केल्यास वाट सापडते.

नागमोडी

रस्त्यांविषयी मी सांगू शकतो. चंब्यापर्यंत रेल्वे नाही. पुण्याहून झेलम एक्सप्रेसने पठाणकोट छावणी या स्थानकावर उतरावे. याचे जुने नाव चक्की बँक, आणि स्थानिक लोक अजून तेच म्हणतात. गाडी पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि दोन रात्री गाडीत जातात. तेथून चंबा साधारण 120 किलोमीटर, दुनेरा आणि बनीखेतमार्गे, गाडीने चार-पाच तास. अंतर ऐकून दोन तासांचा हिशेब करू नये, कारण दुनेऱ्यानंतर सरळ रस्ता म्हणून काही उरत नाही. ज्यांना घाट लागतो त्यांना पुढे बसवावे आणि पोट रिकामे ठेवू नये. परिवहनच्या बसही आहेत, पण गुडघ्यांसाठी टॅक्सीच बरी.

पावसाळ्यात मात्र अजिबात जाऊ नये. 2025 च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टीने चंबा-भरमौर रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता आणि मणिमहेशचे हजारो यात्रेकरू अडकून पडले होते. ऑक्टोबरमध्येही भरमौरला निघण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी स्थानिक टॅक्सीवाल्याकडे रस्त्याची चौकशी करावी, कारण त्याला तो इंटरनेटपेक्षा नक्की माहीत असतो.

टाकाधागा

मिंजर पाहायचा असेल तर पावसाळ्याला पर्याय नाही. मक्याच्या तुऱ्यासारखे रेशमी गोंडे अंगावर लावायचे आणि शेवटच्या दिवशी मिरवणुकीने जाऊन मिंजर रावीत सोडायचे, असा आठवडाभराचा तो उत्सव आहे. देवाला वाहायचे मिंजर पिढ्यानपिढ्या एक मुस्लिम कुटुंब तयार करते. मात्र 'श्रावणातील दुसरा रविवार' हे वाचून आपल्या पंचांगावरून तिकिटे काढू नयेत. तेथील श्रावण संक्रांतीपासून, म्हणजे जुलैच्या मध्यापासून मोजतात, त्यामुळे जत्रा जुलैच्या अखेरीस सुरू होते. माझ्या मावशीने आपला श्रावण धरून आरक्षण केले आणि ती पोहोचली तेव्हा मैदानात तंबूंचे खुंट उपटत होते.

जुनाप्रवासी

परतीसाठी एक सुचवतो. पठाणकोटहून अमृतसर सुमारे 110 किलोमीटर आहे. सुवर्णमंदिर पाहून तेथून विमानाने मुंबई गाठल्यास गाडीतल्या दोन रात्री वाचतात. याच वाटेवर बटाळ्याहून थोडे आत वळले की घुमान लागते. संत नामदेव महाराजांनी आयुष्याचा उत्तरकाळ तेथे घालवला असे मानतात. 2015 चे 88 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच झाले होते. आई-बाबा कोल्हापूरचे असतील तर बहुधा नाही म्हणणार नाहीत.

जेवणाचे राहिले. राजमा दह्यात शिजवून केलेला मद्रा अवश्य खावा. तूप भरपूर असते, रात्री टाळावा. चुख नावाचे मिरचीचे लोणचे मिळते, ते मात्र कोल्हापूरकरांना मी काय सांगावे.

कोरांटी

सर्वांचे आभार. तुमच्या प्रतिसादांवरून केलेली आखणी अशी: झेलमने तिसऱ्या दिवशी सकाळी पठाणकोट आणि दुपारपर्यंत चंबा. तेथे सलग चार रात्री, त्यातला एक दिवस भरमौर. मग खज्जियार पाहत डलहौसीत एक रात्र, आणि घुमानमार्गे अमृतसर. संग्रहालय सोमवारी येऊ नये म्हणून प्रस्थान एक दिवस पुढे ढकलले आहे. भरमौर एका दिवसात करणे बाबांना जड जाईल का?

अक्षरवेडा

अंतर 60-65 किलोमीटर असले तरी एका बाजूला तीन तास धरावेत. सकाळी सातला निघाल्यास जमते. चौरासी हे मंदिरांचे प्रांगण भरमौर गावाच्या मध्यभागी, सपाट जागेवर आहे, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. आपले वडील ओतशाळेत होते हे वाचून मुद्दाम लिहितो: लक्षणा देवीच्या मंदिराचे लाकडी द्वार सगळे पाहतात, पण आतली धातूची मूर्ती चुकवू नका. तिच्या पीठावर राजा मेरु वर्मा याच्याबरोबर ती घडवणाऱ्या कारागिराचेही नाव कोरलेले आहे: गुग्ग. काळ साधारण सातव्या-आठव्या शतकाचा. वाटेवर छतराडी येथे शक्तिदेवीची मूर्तीही त्याचीच आहे, परंतु ते गाव मुख्य रस्ता सोडून वर आहे, एका दिवसात दोन्ही कोंबू नयेत.

कोरांटी

नोव्हेंबर उजाडला, वृत्तान्त लिहायला उशीर झाला, क्षमस्व.

आखणी जवळजवळ जशीच्या तशी पार पडली. एकच गोष्ट चुकली. आधी ठरवलेल्या टॅक्सीवाल्याने पठाणकोटला ऐन वेळी दीडपट भाडे मागितले आणि आम्ही स्थानकाबाहेर तासभर वाद घालत बसलो. भाडे लेखी संदेशातच ठरवून घ्यावे, हा माझा सल्ला. भरमौरच्या रस्त्यावर दोन ठिकाणी एकेरी वाहतूक होती, त्यामुळे परतायला रात्रीचे आठ वाजले.

रोज संध्याकाळी आम्ही चौगानावर बसत होतो. तिसऱ्या दिवशी तेथील एका निवृत्त शिक्षकांनी बाबांना 'कल फिर आइए' म्हटले, आणि चौथ्या दिवशी बाबा आम्हाला न सांगता एकटेच गेले. डलहौसीची रात्र थंड होती. देवदार सुंदर आहेत. पंचपुलाला भगतसिंगांचे काका अजितसिंग यांची समाधी पाहिली. त्यांचा मृत्यू 15 ऑगस्ट 1947 रोजीच झाला, हे आम्हा तिघांनाही माहीत नव्हते.

भरमौरला लक्षणा देवीसमोर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाहेर आले आणि पितळी नंदीभोवती दोनदा फिरले, सांधा कोठे आहे ते शोधत. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आमच्या शॉपमध्ये कास्टिंगवर पार्टीचं नाव यायचं, ओतणाऱ्याचं कधी आलं नाही." पुढे वाटेतल्या धरवाला गावापर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते.

टाकाधागा ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आईने दुकानात प्रत्येक रुमाल उलटा केला. शेवटी वीतभर तुकडा घेतला, त्यावर एक गाय आणि तिच्याकडे मान वळवलेले वासरू आहे. कार्यशाळेतील बाईंना मराठी येत नव्हते आणि आईला हिंदी यथातथाच, पण दोघी दीड तास एका कापडावर वाकून बसल्या होत्या. आईने न पिळलेल्या रेशमाच्या सहा लड्या आणल्या आहेत. घरी परतल्यापासून चार वेळा वासरू भरून चार वेळा उसवून झाले. सुलटी बाजू जमते, उलट्या बाजूला पोटापाशी धागा सैल राहतो, अशी तिची तक्रार आहे. यावर काही उपाय असल्यास कृपया येथेच लिहावे, मी तिला वाचून दाखवीन.

टाकाधागा

पोटाकडचा भाग तिरकस दिशेने भरायला घ्यायला सांग, आणि धागा तळहाताच्या लांबीच्या दुपटीपेक्षा जास्त घेऊ नये. लांब धागा कापडातून जाताना फुलतो आणि मग मागे सैल पडतो. कापड चौकटीत ताणून न धरता हातात धरूनही एकदा भरून पाहावे.